लहानपणीच्या आठवणी आणि चाळिशीनंतरचे बदल: लिहायचं कसं, ठेवायचं काय?

उंबरठा

नमस्कार. चाळिशी ते साठीच्या दरम्यान बऱ्याच गोष्टी एकदम हलतात. काम बदलतं किंवा नकोसं होतं, मुलं आपापल्या वाटेला लागतात, आईवडील थकतात, जुनं घर आवरायची वेळ येते. आणि नेमक्या याच काळात लहानपणीचं काहीबाही सारखं वर येत राहतं. या विषयावर हळवे लेख खंडीभर आहेत. इथे कृती हवी आहे. प्रश्न असे:

१. हे याच वयात का होतं?
२. आठवणी लिहायच्या तर सुरुवात कुठून, किती, कशी? बहुतेकांची वही पाचव्या पानावर थांबते.
३. पुढचं काही ठरवताना याचा खरोखर उपयोग होतो, की निर्णय टाळायचा हा एक सोज्वळ मार्ग आहे?
४. फोटो आणि कॅसेटींच्या खोक्यांचं काय करायचं?

गळे काढणारे प्रतिसाद नकोत, ही आगाऊ विनंती :)

टिपकागद

पहिल्याचं उत्तर आधी. लोकांना आयुष्यातल्या आठवणी विचारून त्या वयानुसार मांडल्या, तर साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात. तरुण माणसात हा उंचवटा दिसत नाही, कारण तो काळ त्याच्यासाठी अजून ताजाच असतो. चाळिशीपुढे तो स्पष्ट होत जातो. त्यामुळे ‘हल्ली मला जुनंच आठवतं’ यात काही बिघडलेलं नाही. दुसऱ्या टोकाला, तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं बहुतेक प्रौढांना काहीच आठवत नाही आणि सहा-सातपर्यंतचं तुटक असतं. लिहायला सुरुवात जन्मापासून करू नका. सात ते बारा हा पट्टा आधी घ्या. माल तिथे आहे.

आता कृती. फ्रान्सिस गाल्टनने १८७९ मध्ये ७५ शब्दांची यादी करून स्वतःवरच प्रयोग केला होता: एकेक शब्द बघायचा, मनात काय येतं आणि ते कोणत्या वयातलं, हे टिपायचं. १९७४ साली क्रोविट्झ आणि शिफमन यांनी हेच तंत्र २० शब्दांवर आणलं. घरी तेवढे पुरतात. वीस चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर एक ठोस नाम: दार, बूट, जिना, कुलूप, दोरी, ताप, पेटी, शिडी. ‘आनंद’, ‘माया’, ‘स्वातंत्र्य’ असले शब्द घातलेत की आठवण येत नाही, निबंध येतो. दिवसाला दोनच चिठ्ठ्या काढा, प्रत्येकीला आठ ते दहा मिनिटं. तीन मिनिटांत काहीच आलं नाही तर चिठ्ठी परत घडी करून डब्यात टाका, जबरदस्ती नको.

वही पाचव्या पानावर थांबते त्याचं कारण बहुधा हे: लोक गोळाबेरीज लिहितात. ‘आम्ही सुट्टीत नदीवर जायचो, पोहायचो, संध्याकाळी परतायचो.’ वाक्यात असे ‘यचो’ रांगेने आले की समजा, प्रसंग अजून हाताला लागलेला नाही. मग स्वतःला एकच विचारा: यातला एक दिवस कोणता? त्या दिवशी कोण आलं नव्हतं? पाय कशावर पडला? एकदा ‘गेलो, घसरलो, चप्पल वाहून गेली’ असं सुरू झालं की पुढची ओळ आपोआप येते. गोळाबेरीज दहा वाक्यांत संपते, कारण त्यात पुढे सांगायला काही उरतच नाही.

खडू

टिपकागद यांच्याशी सहमत, पण शब्दांआधी नकाशा घ्यावा. ज्यांना ‘मला काहीच आठवत नाही’ असं वाटतं त्यांच्यासाठी तर नक्कीच.

ए-फोरचा कोरा कागद, पेन्सिल, पंधरा मिनिटं. जिथे सात ते बारा या वयात सर्वांत जास्त राहिलात त्या घराचा आराखडा काढायचा. मुख्य दारापासून सुरुवात करा आणि आत शिरल्याच्या क्रमानेच पुढे जा. प्रमाणबद्ध नसला तरी चालेल. भिंती झाल्या की चार गोष्टी भरा: उजेड कुठून यायचा, कोण कुठे बसायचं, तुम्ही लपायचात ती जागा, आणि जिथे जायला मनाई होती ती जागा. शेवटच्या दोन जागांवरून सहसा सर्वांत जास्त प्रसंग निघतात.

अडतं कुठे? एक, लोक वास्तुविशारद होतात आणि खिडकी दोन फुटांची की अडीचची यात अडकतात. मापं सोडा. लहान शरीराने पाहिलेलं अंतर मोठंच आठवणार. त्याऐवजी ‘माझे डोळे कशाच्या उंचीला यायचे’ ते लिहा: कडी, टेबलाची कड, वडिलांचा पट्टा. दोन, आराखड्यात एखादा कोपरा कोरा राहतो. तो रेटून भरू नका, तिथे प्रश्नचिन्ह टाका. पुढच्या आठवड्यात भलत्याच वेळी तो भरतो.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. कागद घ्यायच्या आधी अल्बम उघडू नका. क्रम असा ठेवा: नकाशा, मग लेखन, मग फोटो, आणि सर्वांत शेवटी भावंडं. फोटो एकदा पाहिला की आठवण त्याच चौकटीत बसते आणि चौकटीबाहेरचं पुसट होतं. शिवाय फोटो खोटी आठवणही रुजवतो. २००२ मधल्या एका प्रयोगात २० जणांना ते लहानपणी गरम हवेच्या फुग्यात बसल्याचे बनावट फोटो दाखवले. तीन मुलाखतींनंतर निम्म्यांना त्या न झालेल्या सफरीचं काही ना काही ‘आठवायला’ लागलं होतं.

शंकासूर

म्हणजे मुळातच सगळा मामला डळमळीत. लॉफ्टस आणि पिक्रेल यांचा १९९५ चा प्रयोग: २४ जणांना लहानपणी दुकानांच्या गर्दीत हरवल्याची बनावट हकीकत दिली, पाव लोकांनी ती पूर्ण किंवा अर्धीमुर्धी ‘आठवली’. नायसर आणि हार्श यांनी १९८६ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या अपघाताच्या दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांकडून बातमी कुठे, कशी कळली ते लिहून घेतलं; सुमारे अडीच वर्षांनी परत विचारलं तर बऱ्याच जणांचं उत्तर पार बदललेलं, खात्री मात्र पक्की. चाळीस वर्षांपूर्वीच्या आठवणींवर पुढचे निर्णय बेतायचे म्हणजे वाळूवर पाया घालणं नाही का?

टिपकागद

@शंकासूर, प्रयोग बरोबर, निष्कर्ष थोडा ताणलेला. तीन चतुर्थांश लोकांनी बनावट हकीकत स्वीकारली नाही, हेही त्याच आकड्यात आहे. ढोबळ मजकूर बऱ्याचदा टिकतो. घसरतो तो तपशील, क्रम आणि ‘हे मला कुठून कळलं’ याचा हिशोब. म्हणून लिहितानाच तो हिशोब ठेवायचा. पानाच्या डाव्या बाजूला दोन बोटं समास सोडा आणि प्रत्येक वाक्यापुढे एक अक्षर लिहा: ‘आ’ म्हणजे मला आठवतं, ‘सां’ म्हणजे घरच्यांनी सांगितलेलं, ‘फो’ म्हणजे फोटोतलं, ‘अं’ म्हणजे अंदाज. पहिल्याच पानावर ‘सां’ची गर्दी बघून बहुतेकांना धक्का बसतो. तो बसू द्या.

आणखी एक खूण. प्रसंगात तुम्ही स्वतःच्या डोळ्यांतून बघताय की स्वतःलाच बाहेरून बघताय? बाहेरून दिसत असेल तर ती आठवण फोटोवरून किंवा सांगण्यावरून पुन्हा रचलेली असण्याची शक्यता जास्त. हा पुरावा नव्हे, जुन्या खऱ्या आठवणीही अशा दिसतात. समासात ‘बा’ लिहून पुढे जा.

सालाच्या नादी लागू नका. ‘कितवीत होतो, कोणत्या घरात होतो, कोणाचा जन्म झालेला होता’ यावरून दोन बाजूंनी कोंडीत पकडा: या घटनेनंतर, त्या घटनेच्या आधी. साल शेवटी, पेन्सिलने.

भावंडांशी ताडून बघायचं तर दोघांनी आधी वेगवेगळं लिहायचं, मगच वाचायचं. आधी गप्पा मारल्यात की ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सर्वांची होते. आणि फरक निघाला तर समेट करू नका, दोन्ही ठेवा.

सरळरेघ

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. ‘मध्यवयातलं संकट’ ही कल्पना इलियट जॅक्स यांच्या १९६५ च्या लेखापासून चालत आली आणि ती गरजेपेक्षा जास्त चालली. बहुसंख्य लोकांना तसं वादळ येत नाही. जे येतं ते बहुधा एखाद्या ठोस घटनेमुळे असतं: नोकरी, आजारपण, मृत्यू, घटस्फोट. वय त्यात निमित्तमात्र. एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्येच या टप्प्याचा प्रश्न वेगळा मांडला होता: पुढच्या पिढीसाठी काही घडवणं विरुद्ध जागच्या जागी साचणं. आठवणींच्या वहीचा उपयोग एरिक्सन यांच्या या प्रश्नाला होतो, ‘संकटा’ला नाही.

आधी शरीर बाजूला काढा. चाळिशीच्या आसपास जवळचं दिसणं कमी होतं आणि वाचनाचा कंटाळा आला असं वाटतं. असतो तो चष्म्याचा नंबर. रजोनिवृत्ती पाश्चात्त्य देशांत सरासरी ५१ च्या आसपास येते, भारतात त्याच्या काही वर्षं आधी, पण त्याआधीची काही वर्षं झोप मोडते, घाम फुटतो, शब्द सापडत नाहीत. झोप मोडलेल्या माणसाला सगळंच आयुष्य बदलावंसं वाटतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उतरलेलं असेल, कशातच रस नसेल, तर वही नंतर, डॉक्टर आधी.

आता वहीतून निर्णयापर्यंत कसं जायचं. पंचवीस-तीस प्रसंग जमले की प्रत्येकाखाली चार गोष्टी लिहा: मी नेमकं काय करत होतो (क्रियापद लिहा, विषय नाही), एकटा की कोणाबरोबर, कोणी बघत होतं का, आणि ते थांबलं कशामुळे. ‘चित्रकला आवडायची’ याचा काही उपयोग नाही. कोणी रेघा मारत बसलेलं असतं, कोणी रंग मिसळत असतं, कोणी दुसऱ्यांची चित्रं भिंतीवर मांडत असतं. या तिघांना चाळिशीनंतर वेगवेगळी कामं मानवतात. क्रियापदांची मोजदाद करा. जोडणं, मोजणं, शिकवणं, सजवणं, राखणं, खोलून बघणं यातली दोन-तीन वारंवार निघतील.

‘थांबलं कशामुळे’ हा रकाना वगळू नका, लोक नेमका तोच वगळतात. कोणी हसलं म्हणून थांबलं, परीक्षा आली म्हणून, की खरंच कंटाळा आला म्हणून? तिसरं असेल तर ते परत उकरण्यात अर्थ नाही. लहानपणी आवडलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे दडलेली हाक नसते, काही खेळ संपलेले असतात.

मग चाचणी: सहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, पाऊण तास, ठरलेले वार. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उत्साह बसतोच, म्हणून तिथे निकाल लावायचा नाही. सहाव्या आठवड्याच्या शेवटी फक्त एवढं बघा: शेवटच्या चार बैठकींपैकी किती वेळा आठवण करून न देता बसलात? तीन किंवा चार असेल तर पुढे जा. चाचण्या फसतात त्या तीन कारणांनी. पहिल्याच दिवशी महागडं साहित्य आणलं जातं आणि मग त्या खर्चाचं ओझं. चारचौघांत जाहीर केलं जातं, आणि कौतुक आधीच मिळाल्यावर काम कोण करतो? तिसरं, बाराव्या वर्षीच्या चपळाईशी तुलना.

शंकासूर

‘काही खेळ संपलेले असतात’ याला +१. पण नोकरी सोडण्यासारख्या मोठ्या निर्णयाला पाऊण तासाची चाचणी कशी पुरणार?

सरळरेघ

नाही पुरणार. त्यातून फक्त दिशा कळते. मोठ्या बदलात विल्यम ब्रिजेस या लेखकाची मांडणी कामाची आहे: आधी शेवट, मग मधला रिकामा टप्पा, मग नवी सुरुवात. घोळ मधल्या टप्प्यात होतो. तो असह्य वाटतो म्हणून माणूस पहिली मिळेल ती सुरुवात पकडतो, नाहीतर मागे पळतो. ‘पूर्वी सगळं बरं होतं’ हा विचार त्याच टप्प्यात जोर धरतो. त्यावर उपाय कंटाळवाणा आहे: त्या काळात झोपेची वेळ, चालणं आणि आठवड्यातली एक ठरलेली भेट या तीन गोष्टी हलवायच्या नाहीत, आणि मागे न घेता येणारा निर्णय निदान काही महिने लांबवायचा. जे संपलं त्याची यादी मात्र लगेच करा: पद, रोजचा रस्ता, टेबल, सोबत जेवणारी माणसं. पगार गेला हे सगळे मोजतात, रोज ठरलेल्या वेळी कोणीतरी वाट बघायचं ते गेलं हे कोणी मोजत नाही.

कातरवेळ

दुखऱ्या आठवणींबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून हा प्रतिसाद. चिठ्ठ्या काढताना त्या येणारच.

पेनबेकर आणि बील यांच्या १९८६ च्या प्रयोगापासून रुळलेली पद्धत अशी: सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, एकाच दुखऱ्या विषयावर, काय घडलं आणि काय वाटलं हे दोन्ही. शुद्धलेखन बघायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही, नंतर फाडलं तरी हरकत नाही. लिहून झाल्यावर लगेच बरं वाटत नाही, उलट काही वेळ मन खाली जातं. म्हणून झोपायच्या आधी लिहू नका आणि नंतरचा अर्धा तास मोकळा ठेवा. फायदा सरासरीने माफक आहे, चमत्काराची अपेक्षा नको. ज्यांना तो होतो त्यांच्या लेखनात चार दिवसांत ‘असं झालं’पासून ‘कारण’, ‘आता लक्षात येतंय’ इकडे सरक दिसते.

हीच खूण उलटीही वापरता येते. तिसऱ्या दिवशीही तोच परिच्छेद त्याच शब्दांत उतरत असेल तर ते लिहिणं नव्हे, उगाळणं आहे. तेव्हा ‘मी’ काढून टाका आणि स्वतःबद्दल तृतीयपुरुषी लिहा: ‘ती नऊ वर्षांची होती, जिन्यात उभी होती.’ अंतर पडतं. तरीही तेच चालू राहिलं, झोप उडाली, प्रसंग डोळ्यांसमोर आत्ता घडल्यासारखा येऊ लागला, तर थांबा आणि हे काम समुपदेशकाच्या सोबतीने करा. घटना अगदी ताजी असेल तर मुळात सुरूच करू नका.

अवांतर: गतकाळाची ओढ हा एके काळी रीतसर आजार होता. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये प्रबंधात त्याला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिलं, घरापासून दूर असलेल्या स्विस लोकांची हुरहुर बघून. आताच्या अभ्यासांत ही ओढ बहुतेकदा माणसांशी जोडलेपण वाढवणारी दिसते.

जुनाट

खोक्यांबद्दल. आधी फोटो.

हात धुवून पूर्ण कोरडे करा, फोटो कडेने धरा. साधा ४ बाय ६ इंची फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे दुप्पट आकारात छापण्याइतके. मूळ प्रत टिफ या दर्जा न घटवणाऱ्या फाइलप्रकारात ठेवा (एका फोटोला साधारण २५ एमबी), वाटायला जेपेग. कृष्णधवल फोटोही रंगीतवरच स्कॅन करा, पिवळेपणा आणि डागही माहितीच आहे. मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल तर तीही स्कॅन करा, हे हमखास राहतं. स्वतः मागे लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. निगेटिव्ह सापडली तर फोटोपेक्षा तिला मान द्या. ३५ मिमीच्या निगेटिव्हला २४०० डीपीआय किमान समजा.

चिकट पानांचे आणि वर प्लास्टिक असलेले अल्बम सर्वांत वाईट. फोटो ओढू नका, कोपरा फाटतो. आधी ते पान जसंच्या तसं स्कॅन करा. मग मेण नसलेला दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागे घालून करवतीसारखा हळू पुढे-मागे सरकवा. नाही सुटला तर तसाच राहू द्या. केस वाळवायचं यंत्र लावायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. मला तो पटत नाही, उष्णतेने फोटोचा थर वाकतो.

कॅसेट. फीत सेकंदाला ४.७६ सेंमी वेगाने जाते आणि उतरवायला तितकाच वेळ लागतो, साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं. वाजवायच्या आधी तीन गोष्टी बघा. खिडकीतून फितीवर पांढरी-करडी बुरशी दिसते का? असेल तर लावू नका, वेगळ्या पिशवीत ठेवा, नाहीतर ती प्लेअरमधून पुढच्या कॅसेटला लागते. दुसरं, फितीमागची बारीक नमद्याची गादी जागेवर आहे का? ती पडली की आवाज घोगरा आणि दूरचा येतो, आणि लोक समजतात फीत गेली. कवच पाच स्क्रूंचं असेल तर ते उघडून गादी दुसऱ्या टाकाऊ कॅसेटमधून बसवता येते. चिकटवलेलं कवच असेल तर फिरक्या काढून दुसऱ्या कवचात घालाव्या लागतात. तिसरं, १२० मिनिटांची कॅसेट असेल तर तिची फीत फार पातळ असते, ती उगाच पुढे-मागे पळवू नका. बाकीच्या एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे करून घ्या, म्हणजे चिकटलेले पदर सुटतात.

प्लेअरचं हेड आणि रबरी चाक कापसाच्या काडीने पुसून घ्या, हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल. आवाज बसका वाटला तर हेडच्या शेजारचा छोटा स्क्रू वाजवता वाजवताच किंचित फिरवून बघा, जिथे ‘स’ आणि ‘श’ सर्वांत लख्ख ऐकू येतात तिथे थांबा. संगणकावर उतरवताना सेटिंग असं ठेवा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. स्टिरिओमध्ये तासाला साधारण एक जीबी होतं. खरखर काढायची असेल तर प्रतीवर काढा, मूळ फाइलला हात लावू नका.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. फाइलचं नाव सालापासून: ‘१९८१-००-००-जिना-आजी’. महिना माहीत नसेल तर शून्यं, म्हणजे रांग बिघडत नाही.

खडू

जुनाट, भारी. यात एकच भर: घरातली मोठी माणसं हयात असतील तर त्यांचा आवाज आत्ता घ्या. फोन विमान मोडवर, टेबलावर घडी केलेल्या कापडावर, तोंडापासून हातभर अंतरावर, पंखा बंद. एका बैठकीला चाळीस मिनिटं पुरे. ‘तुमचं बालपण कसं होतं?’ विचारलंत तर ‘चांगलं होतं’ एवढंच मिळेल. ‘शाळेत जाताना डाव्या हाताला काय लागायचं?’ असं विचारा. उत्तर संपल्यावर पाच सेकंद गप्प बसा, खरा मजकूर बऱ्याचदा तिथे येतो. तारखा दुरुस्त करू नका. आणि रेकॉर्ड करताय हे सांगून, विचारून.

उंबरठा

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा खूप जास्त मिळालं. शेवटचा प्रश्न: वेळ आठवड्याला तीनच तास असेल तर क्रम काय लावायचा?

जुनाट

माणसं पहिली. मग हाताने रेकॉर्ड केलेल्या कॅसेटी. विकतच्या गाण्यांच्या नव्हेत, त्या कुठेतरी मिळतात. मग रंगीत फोटो, शेवटी कृष्णधवल. ते नीट धुतलेले असतील तर सगळ्यांना पुरून उरतात. रंगीतमध्येही जे लालसर दिसायला लागलेत ते आधी घ्या. अंधारात ठेवूनही निळसर-हिरवा रंग त्यांच्यातून उडत चाललाय, म्हणजे अल्बम बंद ठेवून काही वाचत नाही. वही मात्र रोजची वीस मिनिटं वेगळी काढून, या तीन तासांत धरू नका.